वीस मिनिटं थांबायचं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चादरीच्या घड्या. माघ महिना होता, सकाळचे साडेदहा झाले असतील. गच्चीवरच्या तारेवर तीन चादरी होत्या. दोन वाळल्या होत्या. तिसरी जास्त जाड, तिच्या काठाला ओल होती, म्हणून ती तशीच राहू दिली.

जाड चादरीची घडी एकट्यानं नीट येत नाही. दोन टोकं बायकोनं धरायची, दोन मी. झटकायची, ताणायची. मग तिनं चालत माझ्याकडं यायचं, तिच्या हातातली टोकं माझ्या हातात द्यायची, वाकून मधली घडी उचलायची आणि परत मागं सरकायचं. लग्न झाल्यापासून हे असंच. माझी टोकं कधी जुळत नसत. त्या दिवशी पण एक टोक चार बोटं खाली आलं.

"चाळीस वर्षं चादरी विणल्या," ती म्हणाली, "आन घडी घालाय येत न्हाय."

"विणणारा येगळा, घडी घालणारा येगळा. कारखान्यात घडीला बायका होत्या."

"व्हय. त्या बायका घरी पाठवल्या, म्हणून तर कारखाना बसला."

तिनं माझ्या हातातनं चादर ओढून घेतली, पुन्हा पहिल्यापासून घडी घातली, दोन्ही काखेत मारल्या आणि जिना उतरली. जाताना म्हणाली, "तिसरी दुपारी आणा, इसरू नका." एवढंच.

मी सातवी नापास. लिहिण्यात चुका असतील. मैंदर्गीकडचं आमचं गाव, घरात शेरडं-मेंढरं. सोळाव्या वर्षी सोलापूरला आलो आणि मागावर उभा राहिलो ते कारखान्याचे माग भंगारात जाईपर्यंत. ती त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. धोटा मागावर इकडून तिकडं पळतो आणि त्यातलं सूत कापडात जातं. तिच्या माहेरी कानडी बोलायचे. राग आला की ती कानडीत जायची, आणि मला कळू नये म्हणून नव्हे, मला चांगलं कळायचं.

आता दुखण्याचं सांगतो.

कारखाना बंद झाल्यावर दोन वर्षांनी मला पहिल्यांदा ते झालं. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. गळ्याभोवती कापड बांधलेलं, एका गालाचा साबण काढून झालेला. एकदम छातीत कुणीतरी ठोकायला लागलं. हाताला मुंग्या, तोंड कोरडं, श्वास वरच्या वर. वाटलं, गेलो. मी उठून तसाच रस्त्यावर पळालो. न्हावी वस्तरा घेऊन मागं, बघणाऱ्याला काय वाटलं असेल ते असो. दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. काही नाही. येताना रिक्षात ती तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, "अर्धी दाढी करून कोण मरतंय ओ?"

दुसऱ्यांदा एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. तिसऱ्यांदा घरीच. प्रत्येक वेळी रिक्षा, दवाखाना, बाकडं, पट्टी. प्रत्येक वेळी पट्टी चांगली. तिसऱ्या वेळी तिथला पोरगेला डॉक्टर वैतागला. "आजोबा, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलंय. उगीच येऊ नका. मनाच्या डॉक्टरला दाखवा."

"मी येडा हाय का?" मी तिला बाहेर आल्यावर विचारलं.

"ते डॉक्टर ठरवतील की. आपण कशाला भांडायचं?"

मनाचे डॉक्टर चांगले निघाले. त्यांनी सांगितलं, याला पॅनिक अटॅक म्हणतात, यानं माणूस मरत नाही. मला अटॅक हा शब्द नको होता, गल्लीत लोक वेगळंच समजतात. आम्ही घरात त्याला घाबरं म्हणायचो. सकाळी एक गोळी, रात्री एक, आणि फारच जोरात आलं तर जिभेखाली ठेवायची एक छोटी. ती छोटी उठसूट घ्यायची नाही अशी ताकीद.

गोळ्यांनी फरक पडला. तोवर रोज यायला लागलं होतं, ते आठवड्यातनं दोनदावर आलं. पण गेलं नाही. गोळी बदलली, वाढवली, परत बदलली. दोन महिने बरे जायचे आणि तिसऱ्या महिन्यात मी भाजीच्या गाड्यापाशी भेंडी निवडता निवडता खाली बसायचो. डॉक्टर म्हणाले, काहींचं पूर्ण जात नाही, अर्धं काम गोळी करते, उरलेलं आपण करायचं.

उरलेलं ती करायची.

तिनं नियम घातला होता. घाबरं झालं की भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांत उतरलं नाही तर रिक्षा. "सुम्न कूड्री," म्हणायची, गप बसा, आणि मला भिंतीला टेकवून समोर बसायची. मग मागाचं विचारायची. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, तिथनं सुरुवात.

"नवीन बीम आलं. आता काय करायचं?"

"मागं चढवायचं," मी कसंबसं म्हणायचो.

"मग?"

"जुन्या धाग्याची टोकं नव्याला सांधायची."

"मग धोटा घालायचा. आन शेवटाला फणी लावायची."

"अगं, फणीच्या आधी धोटा? धागा फणीतनं काढल्याबिगर धोटा पळंल कुठनं? डोकं हाय का तुला?"

"न्हाई बाई. मी आपली कांड्या भरणारी."

तिला सगळं ठाऊक होतं. मुद्दाम चुकायची. मला राग आला की श्वास खाली उतरायचा. हे मला कळायला वर्ष गेलं, आणि कळल्यावरही राग यायचाच. पंधरा-अठरा मिनिटांत मी जागेवर यायचो. वीस मिनिटांच्या पुढं कधी गेलं नाही. त्यानंतर आम्ही पट्टी काढायला म्हणून कधी गेलो नाही.

तर त्या दिवशी. घड्या घालून खाली आलो. ती भाकरी थापायला बसली. मी पेपर बघत होतो. साडेअकराला भाकरीचा आवाज थांबला. मी बघितलं तर अर्धी थापलेली भाकरी परातीत आणि ती भिंतीला टेकलेली. कपाळावर घाम.

"कसंतरीच व्हायलंय," ती म्हणाली. "तुमच्यासारखं."

"छातीत?"

"छातीत. आन जबडा पण दुखतोय."

माझा जबडा कधी दुखला नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर सुचलं असं नाही, त्या क्षणाला डोक्यात आलं होतं की हिचं जबड्याचं वेगळं आहे. मग मीच ठरवलं, दाढ असेल. महिन्याभरापूर्वी तिची दाढ दुखत होतीच.

मी घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं," म्हणालो. ती पण म्हणाली, "व्हय, वीस मिनिटं." आमच्या दोघांनाही ते बरोबर वाटलं. मी तिच्यासमोर बसलो, ती माझ्यासमोर बसायची तसा. कांडीचं विचारलं. सूत आलं, आता काय करायचं? तिनं दोन उत्तरं दिली. तिसऱ्यांदा मी मुद्दाम चुकलो. ती रागावली नाही. "गप बसा ओ जरा," एवढंच म्हणाली.

मी उठून माझी छोटी गोळी आणली आणि तिच्या जिभेखाली ठेवली.

वीस मिनिटं झाली. मी म्हणालो, रिक्षा आणू का? ती म्हणाली, "थोडं कमी वाटतंय. कशाला रिक्षा? तुमच्या वेळी बघितलंय की. बाकड्यावर बसवून ठेवतात आन वर बोलतात." मी म्हणालो, बरं, अजून वीस. ती आडवी झाली. गोळीनं तिचे डोळे मिटायला लागले. मला वाटलं, उतरलं. खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. इतकी वर्षं ती मला सांभाळत होती, आज मी तिला सांभाळलं असं वाटलं.

ती झोपली म्हणून मी वर गेलो तिसरी चादर आणायला. समोरच्या गच्चीवर शेजारच्या अक्का मिरच्या उलथत होत्या. त्यांच्याशी बोलत उभा राहिलो. मिरचीचा भाव, त्यांच्या सुनेचं, असलंच काहीतरी. खाली आलो तेव्हा सव्वा वाजला होता. चादर माझ्या हातात गोळा करून होती. ती कुशीवर होती आणि मला दारातूनच कळलं.

रिक्षा केली. अक्कांच्या पोरानं उचलायला मदत केली. दवाखान्यात बघितल्याबरोबर डॉक्टर म्हणाला, संपलंय, हार्ट अटॅक. मग त्यानं कागद पुढं ओढला. "किती वेळापासून दुखत होतं?"

"दहा मिनिटं झाली असतील," मी म्हणालो.

का म्हणालो ते सांगतो. मागं आलो म्हणून बोलले होते, आता आलो नाही म्हणून बोलतील, ही भीती. दुसरं काही नाही. डॉक्टरनं दहा मिनिटं असं लिहिलं. मुलगी पुण्याहून संध्याकाळी आली, तिनं पण तेच विचारलं, आणि एकदा लिहून झालेलं मी तिला सांगितलं.

आम्हाला ही एकच मुलगी. पुण्यात नोकरी करते, नवरा चांगला आहे, दोन लेकरं. तेराव्यापर्यंत राहिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "आईला काही त्रास झाला नाही. दहा मिनिटांत गेली. तेवढंच समाधान." मी तिथंच बसलेलो असायचो. लोक म्हणायचे, पुण्यवान बाई. मी मान हलवायचो.

ती चादर कपाटाच्या वर तशीच गोळा करून टाकली होती. मुलगी म्हणाली, धुऊन घडी करून ठेवू का? मी म्हणालो, राहू दे.

माझं घाबरं वाढलं. आधी आठवड्यातनं दोनदा, आता दिवसाला एकदा, आणि बहुतेक सकाळी साडेअकराच्या सुमाराला. डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली. मग रात्रीची बदलली. गोळ्या मी चुकवल्या नाहीत. फक्त ती छोटी घेतली नाही. ती पाकिटात होती, त्यातली एक जागा रिकामी. तिला हात लावला नाही.

मागाचं स्वतःशी म्हणून बघितलं. बीम चढवलं, टोकं सांधली, फणीतनं काढली, धोटा घातला. सगळं बरोबर यायचं आणि काही उपयोग व्हायचा नाही. मध्ये चुकणारं कुणी नव्हतं. मुद्दाम आपणच चुकायचं आणि आपणच रागवायचं, हे जमत नाही, करून बघितलंय.

अक्कांनी एकदा माझी दृष्ट काढली. तेलुगू घर त्यांचं, माणूस गेल्यावर विड्या वळून दोन पोरं वाढवलेली बाई, तिला कोण नाही म्हणणार? मीठ-मिरच्या उतरवून शेगडीत टाकल्या. असा ठसका बसला की घाबरं कुठं पळालं कळलं नाही. दोघंही खोकून खोकून दारात आलो. अक्का म्हणाल्या, "बघा, गेलं की नाही, मामा?" दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केलं. तेव्हा नुसता ठसका बसला.

मुलीचा फोन रोज संध्याकाळी.

"अण्णा, गोळी घेतली?"

"घेतली."

"आज आलं होतं का?"

"आलं होतं. दहा मिनिटं."

रोज दहा मिनिटं. कधी चाळीस मिनिटं गेलेली असायची, कधी तास. कधी मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहायचो, उठायची ताकद नसायची. फोनवर दहा मिनिटं. ती म्हणायची, "मग कमी व्हायलंय की. पुण्याला आलात तर अजून कमी होईल." मला तिच्या घरात, तिच्या लेकरांच्या समोर बसून रोज हे पोटात ठेवावं लागलं असतं, म्हणून मी जात नव्हतो. तिला वाटायचं, आईचं घर सोडवत नाही.

सांगावं असं वाटायचं. पण सांगून काय होणार? तिच्याकडं आईच्या जाण्यातली एकच बरी गोष्ट होती, ती पण मी काढून घेणार. आणि ती माझ्याशी बोलायची बंद झाली तर मला दुसरं कोण आहे?

दिवाळी झाल्यावर एका सकाळी अक्का छाती चोळत दारात आल्या. "मामा, लई जळजळायलंय. तुमची ती छोटी गोळी द्या की एक. पडून राहते जरा."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. म्हणजे मी ओरडलो हे आठवतं. त्यांच्या हाताला धरून रस्त्यावर नेलं, रिक्षा थांबवली, पायात चप्पल नाही त्यांच्या, माझ्या पण नाही. त्या "अहो मामा, अहो मामा" करत राहिल्या. दवाखान्यात पट्टी काढली. पित्त निघालं.

येताना त्या रिक्षात हसत होत्या. "पित्तासाठी इतका थाट. गल्लीत सांगते आता, मामानं मला पळवून नेलं." मग म्हणाल्या, "मामींना पण असंच लगेच नेलं होतं तुमी. तरी त्यांचं नशीब."

मला तिथंच सुरू झालं. रिक्षात. घरी येऊनही उतरलं नाही. त्या दिवशी तास झाला असेल.

दोन दिवसांनी माझी डॉक्टरांकडची तारीख होती. ते गोळ्यांचं विचारत होते, झोप कशी आहे, भूक कशी आहे. मी म्हणालो, साहेब, एक सांगायचं राहिलंय. आणि सांगितलं. जबड्याचं, गोळीचं, गच्चीवरच्या मिरचीच्या भावाचं, सगळं. त्यांनी लिहायचं थांबवलं.

"गोळीनं त्या गेल्या नाहीत," ते म्हणाले. "एवढं मला सांगता येतं. गोळीनं त्यांना झोप आली, तुम्हाला उतरलंसं वाटलं, वेळ गेला. तो गेलाच."

"लवकर आणलं असतं तर वाचली असती?"

"कदाचित. हो पण म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. मला माहीत नाही, आजोबा."

मला ते बरं वाटलं. त्यांनी देवाची इच्छा वगैरे काही काढलं नाही. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, कुणालाही. आणि छातीत दुखून घाम आला, जबडा किंवा हात दुखला, तर घड्याळ बघत बसायचं नाही, निघायचं. मग ते माणूस तुमच्यासारखं घाबरणारं असो की नसो. वीस मिनिटांचा नियम त्यांनी मोडून टाकला. नेहमीचं आलं तर घरी बसायचं, निराळं काही वाटलं तर दवाखाना, कुणी बोललं तर बोलू दे.

"आणि मुलीला?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. पण मी गोळी वाढवत चाललोय आणि तुम्ही हे धरून बसलाय. दुखणं राहीलच थोडंफार, सांगितल्यानं ते जाईल असं मी म्हणत नाही."

मुलगी शनिवारी आली. मला पुण्याला न्यायचंच असं ठरवून आली होती. बॅग आणली होती माझ्यासाठी, चाकांची. दुपारी जेवायला बसलो. अक्कांनी दिलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. तिनं भाकरी मोडून दह्यात भिजवली आणि आईसारखी भाकरी अक्कांना जमत नाही असं काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "तुझी आई दहा मिनिटांत गेली न्हाय."

तिनं वर बघितलं.

"साडेअकराला दुखायला लागलं. मी सव्वाला बघितलं. मधी मी माझी गोळी दिली तिला. मला वाटलं माझ्यासारखं झालंय."

"म्हणजे? दीड तास?"

"त्याहून जास्त."

"तुम्ही काय करत होता?"

"आधी समोर बसलो होतो. मग ती झोपली म्हणून चादर आणायला गेलो."

"चादर," ती म्हणाली. तिनं ताट सरकवलं. "अण्णा, मी किती जणांना सांगितलं माहीत आहे का? लेकरांना सांगितलंय मी. दहा मिनिटं."

"माहीत हाय."

"आणि तुम्ही ऐकत बसला."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मी हात धुतले आणि मोरीतच मला सुरू झालं. छातीत ठोके, मुंग्या, श्वास वर. भिंतीला धरून खाली बसलो. नळ चालू राहिला होता, त्याच्या आवाजानं ती बाहेर आली. दारात उभी राहून बघत होती, जवळ आली नाही. मग तिनं पायात चप्पल घातली.

"उठा. दवाखान्यात."

"हे नेहमीचं हाय."

"मला काय माहीत नेहमीचं कुठलं. उठा."

गेलो. बाकडं, पट्टी. पट्टी चांगली निघाली. तिथल्या बाईनं विचारलं, किती वेळ झाला, तर मुलीनंच उत्तर दिलं, मिनिटासकट. येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. कारखान्याची जागा येते त्या वाटेवर. आता तिथं मंगल कार्यालय आहे. ते मागं गेल्यावर ती म्हणाली, "आईला पण असंच आणायचं होतं."

"व्हय," मी म्हणालो.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला फोन केला, दार लावून. चाकांची बॅग रिकामीच कोपऱ्यात उभी होती. तिची स्वतःची बॅग तिनं भरून उशाशी ठेवली. पुण्याची गाडी सकाळची होती. गाडी किती वाजता म्हणून मी विचारलं नाही.

सकाळी मी सहाला उठलो. थंडी होती. ती खाली अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन झोपली होती, अंगावर पातळ पांघरूण. घड्या घातलेल्या दोन्ही चादरी कपाटात होत्या, पण कपाट उघडलं की आवाज होतो. वर बघितलं. स्टूल घेऊन ती तिसरी खाली काढली. धूळ होती, ती गच्चीवर जाऊन झटकली, एकट्यानं जेवढी झटकता आली तेवढी. घडी नाही घातली. आणून तिच्या अंगावर घातली. ती हलली, चादर कानापर्यंत ओढली आणि झोपली.

गोळी घेतली आणि दुधाला गेलो. बायको गेल्यापासून मी पावशेर घेतो, आज अर्धा लिटर घेतलं. दूधवाल्याच्या पायरीवरच मला आलं. बसलो. त्याला माहीत आहे, तो काही विचारत नाही, फक्त गिऱ्हाइकांना बाजूनं जायला सांगतो. समोरच्या दुकानात घड्याळ आहे. बीम चढवलं, टोकं सांधली, फणीतनं काढली, धोटा घातला. पुन्हा बीम चढवलं. उतरल्यावर पिशवी उचलून घरी आलो.

ती उठून दारात उभी होती, चादर खांद्यावर गुंडाळून. केस तसेच.

"कुठं होता? एवढा वेळ दुधाला?"

"मधी आलं होतं."

"किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं," मी म्हणालो, आणि चहा टाकायला आत गेलो.